एक गोदाम, अनेक दुकाने : क्लाउडवरचा हिशेब नेमका राहतो कुठे?

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत ईएसडीएस या कंपनीचे डेटा सेंटर आहे. पियुष सोमाणी यांनी २००५ साली ही कंपनी सुरू केली आणि तिचे मुख्यालय मुंबईला न हलवता नाशकातच ठेवले. सहकारी बँका आणि सरकारी खाती तिच्या गिऱ्हाइकांत आहेत. 'इनलाइट' नावाचा तिचा स्वतःचा क्लाउड असून, काम वाढले की गिऱ्हाइकाच्या मशीनची ताकद आपोआप वाढवायची आणि काम ओसरले की कमी करायची, या तिच्या पद्धतीला पेटंटही मिळाले आहे. कांदा, द्राक्षे आणि मालेगावचे कापड यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या जिल्ह्यात असाही एक कारखाना आहे, ज्यात माल म्हणून फक्त हिशेब आणि कागदपत्रे साठवली जातात, ही गोष्ट पुष्कळ व्यापारी बंधूंच्या गावीही नसते.

मात्र क्लाउड या शब्दाशी आता सर्वांचीच गाठ पडली आहे. जीएसटी आला, ई-वे बिल आले, पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागू झाले. दुकान एकीकडे, गोदाम दुसरीकडे, कारखाना मालेगावात आणि हिशेब पाहणारा मुनीम आपल्या घरी, अशी सगळ्यांची स्थिती. तेव्हा टॅली एका कॉम्प्युटरवर ठेवण्याऐवजी महिना भाडे भरून क्लाउडवर ठेवावी, असा सल्ला देणारे एजंट बाजारात फिरू लागले. सल्ला चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण एजंट रॅम किती, प्रोसेसर किती आणि भाडे किती एवढेच सांगतो. आपला हिशेब ज्या डिस्कवर राहणार, ती कुणाच्या ताब्यात, तिच्यात आणखी कोण भागीदार आणि ती बुडाली तर काय, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आम्ही कापडवाले, संगणकाचे इंजिनिअर नाही. परंतु ज्या गोदामात माल टाकायचा त्याच्या भिंती, त्याचे कुलूप आणि त्याचा चौकीदार आधी पाहून घ्यावा, हे आम्हांला धंद्याने शिकवले आहे. त्याच नजरेने आज या विषयाकडे पाहू.

तुम्हांला भाड्याने मिळते ती खरी मशीन नसते. डेटा सेंटरमध्ये एक मोठा सर्व्हर असतो, त्याला होस्ट म्हणतात. हायपरवायझर नावाचा प्रोग्रॅम त्याचे भाग पाडतो. मोठ्या हॉलमध्ये पार्टिशन घालून दहा छोटी दुकाने काढावीत तसे. प्रत्येक दुकानाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतून पाहणाऱ्याला वाटते की आख्खा कॉम्प्युटर आपलाच. आणि या मशीनची जी डिस्क, जिला आपण सी ड्राइव्ह म्हणतो, ती बहुतेक ठिकाणी बाहेरून पाहिली तर केवळ एक मोठी फाईल असते. तुमचे विंडोज, तुमची टॅली, गेल्या सहा वर्षांची बिले, उधारीची यादी, पार्ट्यांचे नंबर, सगळे त्या एका फाईलमध्ये. म्हणून ती फाईल कुठे ठेवली आहे, हा या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

ती दोन ठिकाणी राहू शकते. एक तर त्याच होस्टच्या पोटातल्या डिस्कवर, किंवा सगळ्या होस्टसाठी मिळून असलेल्या वेगळ्या साठवणीत, जिला शेअर्ड स्टोरेज म्हणतात. मालेगावच्या कारखानदाराला यातला फरक चटकन समजेल. सायझिंगहून आलेला बीम एका लूमवर चढवला आणि ती लूम बिघडली, तर बीम उतरवून दुसऱ्या लूमवर नेता येतो. खटपट होते, पण सूत वाया जात नाही. उद्या कुणी बीम लूमच्या सांगाड्यातच कायमचा बसवून टाकला, तर लूम दुरुस्त होईपर्यंत सूतही अडकले. होस्टच्या पोटात हिशेब ठेवणे हे असेच आहे. होस्ट जळाला की त्याच्यावरची सगळी दुकाने बंद, आणि माल आत कोंडलेला.

साठवण सामायिक असली म्हणजे फाईल जागच्या जागी राहते आणि दुसरा होस्ट ती उघडून मशीन पुन्हा चालू करतो. पाच-दहा मिनिटे काम थांबते आणि सेव्ह न केलेली नोंद जाते, पण खाते शाबूत राहते. होस्ट बिघडला नसेल, फक्त साफसफाईसाठी मोकळा करायचा असेल, तर चालू मशीनच एका होस्टवरून दुसऱ्यावर सरकवता येते. बिल करणाऱ्या पोराला त्याचा पत्ताही लागत नाही. कारण डिस्क हलवावी लागत नाही, केवळ स्मृतीतला मजकूर पाठवावा लागतो. सामायिक साठवण नसतानाही हे करता येते, मात्र मग आख्खी डिस्क वाहून न्यावी लागते आणि वेळ लागतो.

इथवर सगळे फायद्याचे झाले. आता कुलपाकडे वळू.

एकच वही आणि दोन मुनीम अशी कल्पना करा. दोघांनी सकाळी वही चाळली आणि दोघांच्या ध्यानात राहिले की एक्केचाळिसावे पान कोरे आहे. पहिल्याने त्यावर मालेगावच्या पार्टीची जमा लिहिली. दुसऱ्याने वही पुन्हा न पाहता त्याच पानावर भिवंडीच्या पार्टीची नावे टाकली. संध्याकाळी त्या पानावर ना जमा वाचता येते ना नावे. कॉम्प्युटरची साधी फाईल व्यवस्था, मग ती विंडोजची एनटीएफएस असो की लिनक्सची ईएक्सटी-४, अशाच मुनिमासारखी असते. कोणती जागा रिकामी आहे हे ती स्वतःच्या डोक्यात धरून ठेवते आणि वही आपल्या एकट्याचीच आहे असे समजते. तीच डिस्क दोन मशीनना एकदम जोडून लिहू दिली तर काही तासांत सगळा डेटा चिवडला जातो, आणि गंमत म्हणजे पहिल्या दिवशी काहीच कळत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, वही मुनिमांच्या हाती द्यायचीच नाही. एक कारकून बसवायचा आणि त्याच्यामार्फतच लिहायचे. एनएफएस ही पद्धत अशी आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती १९८४ च्या सुमारास काढली आणि आजही ती जगभर चालते. सोपी आहे, स्वस्त आहे, पण तो कारकून एकटा असेल तर तो आजारी पडल्यावर सगळी पेढी बंद. दुसरा उपाय म्हणजे आय-स्कझी किंवा फायबर चॅनल. यात डिस्क थेट होस्टना जोडलेली दिसते, वेग चांगला मिळतो, पण मग कुलपाची जाण असलेली फाईल व्यवस्था लागते. व्हीएमवेअरची व्हीएमएफएस, ओरॅकलची ओसीएफएस-२ या त्यासाठीच बनल्या. ती न घालता केवळ डिस्क दोन होस्टना जोडून "शेअर्ड आहे" असे सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

त्याहून अवघड प्रसंग पुढे आहे. समजा होस्ट जिवंत आहे, पण त्याची नेटवर्कची वायर निघाली. व्यवस्थापक सर्व्हरला वाटले तो मेला. त्याने तुमची मशीन दुसऱ्या होस्टवर चालू केली. आता एकच मशीन दोन ठिकाणी चालू आहे आणि दोघेही एकाच फाईलवर लिहीत आहेत. संगणकाचे लोक याला स्प्लिट ब्रेन म्हणतात, म्हणजे दुभंगलेले डोके. म्हणून शहाण्या मांडणीत नियम असतो की दुसऱ्याला चालू करण्याआधी पहिल्याची वीज दूरवरून तोडायची आणि तो खात्रीने बंद झाला हे पाहायचे. तसेच कोण जिवंत नि कोण मेला याचा निवाडा करणारे सर्व्हर दोन नसतात, तीन किंवा पाच असतात. पंच विषम संख्येत का बसवतात हे आम्ही वाचकांना काय सांगावे!

क्लाउड उभारण्यासाठी फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमांत अपाचे क्लाउडस्टॅक बरेच वापरले जाते. सिट्रिक्स कंपनीने २०११ साली ते विकत घेतले आणि २०१२ साली अपाचे संस्थेला देऊन टाकले. त्यात साठवणीचे दोन प्रकार मानले आहेत. प्रायमरी म्हणजे जिथे चालू मशीनच्या डिस्क राहतात, आणि सेकंडरी म्हणजे जिथे साचे, इन्स्टॉलेशनच्या सीडीच्या प्रती आणि स्नॅपशॉट ठेवतात. आपल्या भाषेत दुकानामागचे रोजचे गोदाम आणि गावाबाहेरची वखार. प्रायमरी वेगवान हवी, सेकंडरी मोठी हवी. दोन्ही एकाच डिस्कच्या पेटीवर मांडून खर्च वाचवणारे महाभाग आहेत. पेटी गेली की गोदामही गेले आणि वखारही गेली.

या प्रोग्रॅमच्या झटपट मांडणीच्या मार्गदर्शिकेत एनएफएससाठी एक नमुन्याची ओळ दिलेली आहे. तिच्यात एक तारा आहे आणि 'एसिंक' हा शब्द आहे. ताऱ्याचा अर्थ, नेटवर्कवरच्या कोणत्याही मशीनने यावे आणि गोदाम उघडावे. एसिंकचा अर्थ असा की माल डिस्कवर उतरण्यापूर्वीच "लिहून झाले" अशी पावती द्यावी. ट्रक अजून सटाणा नाक्यावर आहे आणि हमालाने गोदामात गठ्ठे लावल्याची चिठ्ठी दुकानात दिली, असा तो प्रकार. वेग छान दिसतो. पण नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर चिठ्ठी आहे नि माल नाही. प्रयोगासाठी, शिकण्यासाठी ही ओळ ठीक आहे. दुसऱ्याचा हिशेब सांभाळायचा असेल तर तारा काढून ठरावीक पत्ते लिहावेत आणि एसिंकच्या जागी सिंक करावे. सिंक केल्यावर काम मंद होते, म्हणून चांगल्या डिस्क आणि बॅटरीवर चालणारी कॅश घ्यावी लागते, आणि तिथेच पैसा लागतो. स्वस्त भाडे आणि महाग भाडे यांतला फरक पुष्कळदा याच एका शब्दात दडलेला असतो.

आणखी एक बारकावा सांगून ठेवतो. केव्हीएम या हायपरवायझरवर एनएफएस साठवण असेल तर प्रत्येक होस्ट ठरावीक वेळाने साठवणीवर आपली हजेरी लिहितो. हजेरी लिहिता आली नाही तर तो स्वतःलाच बंद करून पुन्हा चालू होतो, म्हणजे दुभंगलेल्या डोक्याचा धोका राहू नये. ही सोय सावधगिरीची आहे. पण साठवणच एक मिनिटभर अडखळली, तर एकाच वेळी सगळे होस्ट आपापली दुकाने बंद करून बसतात. गोदाम सामायिक केले की गोदामाचा ताप सर्वांना येतो. म्हणून साठवणीची वायर वेगळी, तिचा स्विच वेगळा आणि तोही दुहेरी ठेवतात. लोकांच्या ये-जा करण्याच्या रस्त्यानेच मालाची गाडी घातली तर मेनरोडवर ईदच्या आदल्या दिवशी जे होते तेच होणार.

वेगाबद्दल एवढेच सांगतो की जुन्या फिरत्या डिस्क सेकंदाला साधारण शंभरेक फुटकळ वाचन-लेखन करतात. वीस मशीन एका डिस्कवर टाकल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? दुपारी चारनंतर टॅली रांगू लागते त्याचे कारण बहुधा हेच असते. रॅम वाढवून ते जात नाही. एसएसडी घ्यावी लागते.

नसलेल्या जागेची विक्री

आता व्यवहाराचा मुद्दा. तुम्ही शंभर जीबी भाड्याने घेतले, वापरता वीस. मालक म्हणतो, उरलेले ऐंशी रिकामेच पडले आहेत, ते दुसऱ्याला देऊ. याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात आणि ते सर्रास चालते. क्लाउडस्टॅकमध्ये यासाठी एक आकडा असतो आणि तो मुळातच दोन ठेवलेला आहे, म्हणजे हजार जीबीची दोन हजार म्हणून वाटणी. यात लबाडी आहे असे आम्ही म्हणणार नाही. गिऱ्हाइके सगळी एकदम माल आणत नाहीत या हिशेबावर गोदामवालेही चालतात. परंतु मार्चअखेर सर्वांची एकदम गर्दी झाली तर काय? साठवण भरली की लिहिणे थांबते, आणि लिहिता लिहिता थांबलेला डेटा हा निम्मा विणून कापलेल्या ताग्यासारखा असतो.

सेफ नावाची दुसरी एक साठवण आहे. कॅलिफोर्नियात सेज वाइल या विद्यार्थ्याने आपल्या डॉक्टरेटसाठी ती रचली. तिच्यात एकटा कारकून नसतो. माल अनेक सर्व्हरांवर विखुरलेला असतो आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या सहसा तीन प्रती. तीस टीबी डिस्क विकत घ्याल तर दहा टीबी माल मावेल. त्यातही ८५ टक्के भरले की ती इशारा देते आणि ९५ टक्क्यांना लिहिणे बंद करते. तिप्पट खर्च पाहून पुष्कळ लोक दोनच प्रती ठेवतात. एक डिस्क गेली आणि दुरुस्ती चालू असताना दुसरी गेली, तर मग बोलण्यासारखे काही उरत नाही.

गोदाम जळते तेव्हा

तीन प्रती असल्या म्हणजे काळजी मिटली, असे एजंट ठासून सांगतो. तो खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो. तीन प्रती डिस्क बिघडण्यापासून वाचवतात. तुमच्या माणसाने चुकून कंपनीच डिलीट केली तर तिन्ही प्रतींमधून ती त्याच सेकंदाला डिलीट होते. व्हायरसने फाईल कुलूपबंद केल्या तर तिन्ही प्रती कुलूपबंद होतात. आणि इमारत जळाली तर तिन्ही एकत्र जळतात.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे पाच मजली डेटा सेंटर आगीत खाक झाले. माणूस कुणी दगावला नाही. पण काही गिऱ्हाइकांचा मूळ डेटा आणि बॅकअप एकाच जागी होता, तो दोन्ही गेला. एका गिऱ्हाइकाच्या करारात बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवू असे लिहिले होते आणि प्रत्यक्षात तसे नव्हते. तो न्यायालयात गेला आणि २०२३ साली लील येथील व्यापारी न्यायालयाने त्याला भरपाई मंजूर केली. करारात ते वाक्य होते म्हणून त्याला दाद मागता आली, हे व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावे.

दक्षिण कोरियाचे सरकार तर श्रीमंत आणि संगणकात पुढारलेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील त्यांच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवताना आग लागली. सरकारी नोकरांची कागदपत्रे ठेवण्यासाठी असलेली 'जी-ड्राइव्ह' ही सामायिक साठवण, ८५८ टीबीची, नष्ट झाली. आकार फार मोठा म्हणून तिचा बाहेर बॅकअपच ठेवला नव्हता.

आगीशिवायही हे घडते. अमेझॉनच्या अमेरिकेतील केंद्रात २१ एप्रिल २०११ रोजी नेटवर्क बदलताना वाहतूक चुकीच्या अरुंद मार्गावर गेली. साठवणीच्या असंख्य सर्व्हरांना वाटले आपल्या जोडीच्या प्रती हरवल्या, आणि सगळे एकदम नवी जागा शोधू लागले. जागा संपली, साठवण अडकली. काही दिवसांनी बहुतेक माल परत मिळाला, पण त्या भागातील ०.०७ टक्के डिस्क कायमच्या गेल्या. आकडा लहान आहे. ज्याची डिस्क गेली त्याच्यासाठी तो शंभर टक्के होता.

याउलट २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगलकडचा आख्खा क्लाउड एका चुकीच्या मांडणीमुळे पुसला गेला, दोन वेगवेगळ्या भागांतील प्रतींसह. सहा लाखांहून अधिक सभासदांचा पैसा त्यात नोंदलेला. काम आठवडाभराहून अधिक काळ विस्कळीत राहिले, पण हिशेब परत उभा राहिला, कारण तिसऱ्याच एका कंपनीकडे त्यांनी वेगळा बॅकअप ठेवला होता.

कायद्याचाही विचार करावा लागतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवायची आहेत. ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे त्यांना २०२२ च्या दुरुस्तीनुसार पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. "क्लाउडवाल्याची डिस्क गेली" असे अधिकाऱ्याला सांगून भागेल असे कुणी समजू नये. आणि अधिकाऱ्याचे राहू द्या, उधारीची यादी गेली तर ईदनंतर वसुलीला कोणत्या दारात उभे राहणार?

तेव्हा भाड्याची बोलणी करताना रॅमच्या आधी पुढच्या गोष्टी विचाराव्यात. होस्ट बंद पडला तर माझी मशीन दुसऱ्यावर आपोआप उठेल का, की तुमचा माणूस सकाळी येऊन उठवणार? माझी डिस्क किती प्रतींत आहे? स्नॅपशॉट त्याच साठवणीवर आहे की दुसऱ्या इमारतीत? शक्य तर दुसऱ्या शहरात आहे का? ईएसडीएसची केंद्रे नाशिकखेरीज नवी मुंबई आणि बंगळुरूलाही आहेत. परक्या कंपन्यांपैकी अमेझॉनने मुंबईत २०१६ साली केंद्र उघडले. म्हणजे दुसरे शहर मागणे ही काही अवास्तव मागणी नाही, मात्र ती मागितल्याशिवाय आणि वेगळे पैसे भरल्याशिवाय सहसा मिळत नाही. जे सांगतील ते करारात लिहून घ्यावे.

ज्यांच्याकडे एक दुकान आणि दोन कॉम्प्युटर आहेत त्यांना या सगळ्या थाटाची गरज नाही. दोन डिस्कचा छोटा नॅस बॉक्स घ्यावा, टॅलीचा डेटा त्यावर ठेवावा, यूपीएस लावावा. दोन डिस्कवर एकच माल असला म्हणजे बॅकअप झाला असे मात्र नाही. तो वेगळा, पेनड्राइव्हवर का होईना, घ्यावा आणि काम झाले की काढून घरी न्यावा. सतत जोडून ठेवलेला पेनड्राइव्ह व्हायरसच्या हाती मूळ फाईलबरोबरच सापडतो.

क्लाउड असो की पेनड्राइव्ह, तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून टॅली उघडून पाहावी. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात आणि मुनीम मोकळा असतो. दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर डेटा उतरवावा, कोणतीही तीन बिले काढून छापील पावतीशी ताडून पाहावीत आणि किती वेळ लागला ते वहीत लिहून ठेवावे. क्लाउडवाला असेल तर त्यालाच सांगावे, आमच्या समोर उघडून दाखवा. तो पुढच्या आठवड्यावर ढकलू लागला तर पुढच्या महिन्याचे भाडे भरण्याआधी दुसऱ्याकडे चौकशी सुरू करावी.